किडनीचा तुकडा तपासणे : भीती किती आणि काळजी किती
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरच्या एखाद्या विदुषी येऊन आपल्याला व्याख्यान देतात. यंदा चिटणीसबाईंनी ठरविले की, मंडळातल्याच चौघींनी आपापल्या अनुभवाचे बोलावे. त्या चौघींत माझे नाव घातले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. व्यासपीठावर उभे राहण्याची सवय नाही. तरीपण मी 'हो' म्हटले, याला एक कारण आहे. गेल्या वर्षभरात आपल्यातल्याच कितीजणींनी मला हळूच बाजूला घेऊन विचारले, "तुमच्या धाकट्या जाऊबाईंच्या किडनीत सुई घातली म्हणे. मग ती किडनी आता चालते का हो?" तेव्हा एकेकीला उत्तर देण्यापेक्षा सर्वांना एकदमच सांगावे असे मनात आले.

मी डॉक्टर नाही. जे सांगणार आहे ते जाऊबाईंबरोबर इस्पितळात राहून डोळ्यांनी पाहिलेले आणि तिथल्या डॉक्टरांनी समजावून दिलेले. माझा भाचा डॉक्टरीचे शिक्षण घेतो. आकडे आणि सनावळ्या त्याने मला मराठीत लिहून दिल्या आहेत, त्या या कागदावर आहेत.

आधी किडनीविषयी दोन शब्द. किडनी म्हणजे मूत्रपिंड. आपल्याला दोन मूत्रपिंडे असतात, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास. एकेक सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांब, आपल्या मुठीएवढे. रक्तातली घाण लघवीवाटे बाहेर टाकणे आणि कामाचे ते रक्तात ठेवणे हे त्याचे काम. त्यासाठी एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. आपली चहाची गाळणी फाटली की चहाबरोबर पत्तीही कपात पडते. तसेच या गाळण्या बिघडल्या की रक्तातली प्रथिने लघवीतून वाहून जातात. मग लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसते.

धाकट्या जाऊबाईंना नेमके हेच झाले. वय चौतीस. पायात जोडवी रुतू लागली, चेहरा सुजला. सासूबाई म्हणाल्या, "अंगात पाणी झाले आहे, मीठ तोडा." मीठ तोडले, पण सूज काही उतरेना. शेवटी लघवी तपासली तेव्हा दिवसाला ६ ग्रॅम प्रथिन जात असल्याचे कळले. जिल्ह्याच्या गावी किडनीच्या डॉक्टरांना दाखविले. ते म्हणाले, "बायॉप्सी करावी लागेल."

हा शब्द ऐकताच आमच्या घरात रडारड सुरू झाली. सासूबाईंना वाटले, बायॉप्सी म्हणजे कर्करोगच. धाकट्या भाऊजींना कोणी सांगितले की, सुई लागली की ती किडनी कायमची निकामी होते. शेजारच्या एका आजींनी तर, "बेशुद्ध करतील आणि किडनीच काढून घेतील," असेही सांगून टाकले. जाऊबाई मला म्हणाल्या, "वहिनी, मला दोन लहान मुले आहेत. मी नाही जायची." या तिन्ही भीतींची उत्तरे डॉक्टरांनी दिली, तीच मी तुम्हांला सांगते.

पहिले म्हणजे, बायॉप्सी याचा अर्थ शरीराचा लहानसा तुकडा काढून दुर्बिणीखाली पाहणे. कर्करोगासाठी ती करतात हे खरे, पण केवळ त्याचसाठी नव्हे. रक्त आणि लघवी तपासून गाळण्या बिघडल्या एवढे कळते. कशाने बिघडल्या हे पुष्कळ वेळा कळत नाही. आणि प्रत्येक कारणाचे औषध निराळे. एका आजाराला जोराची औषधे लगेच सुरू करावी लागतात, तर दुसऱ्यात तीच औषधे उगाच अंगाला त्रास देतात. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, तसाच हा प्रकार.

दुसरे म्हणजे, किती तुकडा काढतात? बारीक शेवईचा दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा डोळ्यांसमोर आणा. जाडी जेमतेम एक मिलिमीटर. असे बहुधा दोन तुकडे घेतात. त्यांत दहावीस, फार तर थोड्या जास्त गाळण्या येतात. १० लाखांतून एवढ्याशा गेल्या तर किडनीच्या कामात काहीच फरक पडत नाही.

आणि तिसरी भीती किडनी काढून घेण्याची. सुईचे भोक दीड मिलिमीटरचे. त्यातून मुठीएवढी किडनी कशी निघेल? टाकासुद्धा घालत नाहीत, नुसती पट्टी चिकटवतात. शिवाय मोठ्या माणसांना बहुधा बेशुद्ध करीत नाहीत. जाऊबाई सारा वेळ जाग्या होत्या आणि डॉक्टरांशी बोलत होत्या.

आता तयारीचे सांगते, कारण निम्मी सुरक्षितता तयारीत आहे. या तपासणीतला मुख्य धोका रक्तस्रावाचा. किडनीतून फार रक्त खेळते. म्हणून आधी रक्त तपासून हिमोग्लोबिन किती, रक्त गोठविणाऱ्या पेशी पुरेशा आहेत ना, रक्त वेळेवर गोठते ना, हे पाहतात. रक्तगट पाहून ठेवतात. लघवीत जंतू असतील तर आधी ते बरे करतात. रक्तदाब वाढलेला असेल तर सुई घालीत नाहीत. तो साधारण १४०/९० च्या आत आणून मगच पुढे जातात. जाऊबाईंचा दाब चढा निघाला, म्हणून त्यांची तारीख चार दिवस पुढे ढकलली. भाऊजी चिडले, गाडीभाडे फुकट गेले म्हणाले. पण भगिनींनो, तारीख पुढे ढकलणारा डॉक्टर आपल्या हिताचेच करीत असतो.

सोनोग्राफीत किडनी फार लहान व आकसलेली दिसली तर बहुधा ही तपासणी करीत नाहीत. तिथे रक्तस्रावाचा धोका जास्त आणि हाती माहिती थोडी. एकच किडनी असेल तर फार विचारपूर्वक ठरवितात.

आपण बायकांनी काही गोष्टी न लाजता सांगितल्या पाहिजेत. दिवस गेले असतील तर सांगा. पाळी चालू असेल तर सांगा, कारण नंतर लघवीचा रंग पाहायचा असतो आणि त्यात घोटाळा होतो. ॲस्पिरिन, अंगदुखीच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे, चूर्ण, भस्म, काढे, जे काही घेत असाल ते सारे पिशवीत घालून दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी बहुधा काही दिवस आधी बंद करतात. पण ज्यांना हृदयाचा विकार आहे त्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारूनच करावी.

संमतीपत्रावर सही घेतात. त्यात रक्तस्राव होईल, रक्त द्यावे लागेल, क्वचित आणखी उपाय करावे लागतील, असे सारे लिहिलेले असते. ते वाचून सासूबाई म्हणाल्या, "एवढे लिहून घेतात म्हणजे जिवाला धोका असणारच." डॉक्टर हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून बसून एकेक ओळ समजावून सांगितली. सही करण्यापूर्वी अशी प्रत्येक ओळ विचारून घेण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता प्रत्यक्ष तपासणी. सोनोग्राफीचे यंत्र आपल्याला नवे नाही. बाळंतपणात आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यात क्ष-किरण नसतात, आवाजाच्या लहरींनी आतले चित्र पडद्यावर उमटते. जाऊबाईंना पालथे झोपवून पोटाखाली उशी दिली. मंगळसूत्र रुतेल म्हणून आधीच काढून माझ्यापाशी दिले होते. पोटुशी किंवा फार स्थूल बाई पालथी झोपू शकत नाही, तिला कुशीवर निजवून किंवा बसवून करता येते. ज्यांना दुसऱ्याची किडनी बसविलेली असते त्यांची नवी किडनी ओटीपोटात पुढच्या बाजूला असते, म्हणून त्यांना उताणे झोपवतात.

पाठ औषधाने स्वच्छ पुसून निर्जंतुक कापड घातले. यंत्राचा हातातला भाग पाठीवर फिरवून डॉक्टरांनी किडनीचे खालचे टोक शोधले. बहुधा डाव्या किडनीचे खालचे टोक निवडतात, कारण मोठ्या रक्तवाहिन्या तिथून लांब असतात. मग कातडी बधिर करण्याचे इंजेक्शन दिले. ते चावते, तेवढेच काय ते दुखते. किडनी कातडीपासून किती खोल आहे हे पडद्यावर मोजून घेतले. सुई आत जाताना पडद्यावर पांढरी रेघ दिसते, तिचे टोक कुठे आहे ते डॉक्टर सतत पाहत असतात.

इथे एक मौजेची गोष्ट कळली. आपण श्वास घेतो तशी किडनी खालीवर हलते. म्हणून ऐन वेळी डॉक्टर म्हणतात, "श्वास घ्या, आता धरा." तेवढ्या क्षणात सुईची चाप असलेली बंदूक दाबतात. कागद टाचायच्या यंत्रासारखा 'ठक्' असा आवाज होतो आणि तुकडा सुईत येतो. आवाज मोठा असतो, दचकायला होते. म्हणून डॉक्टरांनी आधीच तो आवाज हवेत करून जाऊबाईंना ऐकवला. श्वास धरण्याचा सरावही करून घेतला. तुमच्या घरी कोणाची ही तपासणी असेल तर दोन दिवस आधीपासून त्यांच्याकडून श्वास धरण्याचा सराव करून घ्या. सुई आत असताना खोकला किंवा धसका नको.

सारे मिळून अर्धा तास लागला असेल. तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत घातले. एक साध्या दुर्बिणीखाली पाहायला, एक चमकणाऱ्या रंगद्रव्याने तपासायला, आणि एक इलेक्ट्रॉन दुर्बिणीसाठी.

पूर्वी हे इतके सोपे नव्हते. १९५१ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरच्या इव्हर्सन आणि ब्रुन या दोन डॉक्टरांनी बसलेल्या रोग्याच्या किडनीतून सुईने तुकडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच्याही आधी १९४४ मध्ये स्वीडनच्या अल्वाल नावाच्या डॉक्टरांनी हे सुरू केले होते, पण एक रोगी दगावल्यावर त्यांनी ते थांबविले. १९५४ मध्ये अमेरिकेत कार्क आणि म्युर्के यांनी रोग्याला पालथे झोपवून करण्याची रीत दाखविली, तीच आजही चालते. मात्र त्या काळी किडनी डोळ्यांना दिसत नसे. क्ष-किरणांच्या चित्रावरून जागा आखीत, मग एक बारीक सुई घालून ती श्वासाबरोबर हलते का ते पाहत आणि त्यावरून किडनी लागली असे ओळखत. पुढे सोनोग्राफी आली, चापाची सुई आली, आणि अंधारात चाचपडण्याचे काम उजेडात आले. आपल्या आजीच्या पिढीने ऐकलेल्या भीतीच्या गोष्टी त्या जुन्या काळच्या असतील, त्या आज जशाच्या तशा धरून बसू नयेत.

तरी धोका अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. आतल्या बारीक रक्तवाहिन्या सोनोग्राफीतही साऱ्या दिसत नाहीत. २०२० साली डॉक्टरांनी जगभरचे ८७ अभ्यास एकत्र करून १,१८,०६४ बायॉप्सींचा हिशेब मांडला. त्यात शंभरांत सुमारे ११ जणांना किडनीभोवती रक्त साकळले. असे रक्त बहुधा आपोआप जिरते. शंभरांत तीन-चार जणांना लाल लघवी झाली. रक्त द्यावे लागले ते शंभरांत एक-दोघांना. रक्तस्राव थांबविण्यासाठी आणखी उपाय करावा लागला तो हजारांत सुमारे तिघांवर. आणि मृत्यू दहा हजारांत सुमारे सहा. किडनी एकाएकी बंद पडून आधीच इस्पितळात असलेल्या रोग्यांना धोका जास्त असतो. हे आकडे ऐकून कोणी घाबरेल, कोणी निर्धास्त होईल. मी म्हणते, दोन्ही करू नका. धोका थोडा आहे, पण तो खरा आहे, म्हणून नंतरची शुश्रूषा नीट करा.

ही शुश्रूषा आपल्या हातची. तपासणी झाल्यावर रोग्याला उताणे, सरळ निजवून ठेवतात. सहा-आठ तास तर उठायचे नाहीच, पुष्कळ ठिकाणी रात्रभर ठेवून घेतात. आरंभी दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब पाहतात. लघवी भांड्यातच करायची. दर वेळची लघवी निरनिराळ्या बाटल्यांत ओळीने ठेवली होती आणि तिचा रंग फिका होत जातो की गडद, हे परिचारिका पाहत होती. जाऊबाईंची पहिली लघवी गुलाबी, दुसरी फिकी आणि तिसरी नेहमीसारखी झाली. तोवर माझ्या घशाखाली घोट उतरला नव्हता.

पडून राहणे हे आपल्या बायकांना सर्वांत अवघड. जाऊबाई चार तासांनी म्हणाल्या, "वहिनी, भांड्यात लघवी होत नाही, मला मोरीपर्यंत धरून न्या." मी नेले नाही. पडदा ओढला, नळ सोडला, पण उठू दिले नाही. जो काही मोठा त्रास व्हायचा तो दहांतल्या नऊ जणांना पहिल्या २४ तासांतच होतो. म्हणून "मला बरे वाटते, घरी सोडा," असा हट्ट धरू नये.

घरी आल्यावर एक-दोन आठवडे पाण्याची कळशी, धान्याचा डबा, कडेवर मूल, यांतले काही उचलायचे नाही. धुणे आपटायचे नाही. लघवी लाल होऊन गाठी पडू लागल्या, लघवी अडली, पाठ किंवा पोट वाढते दुखू लागले, चक्कर आली, दरदरून घाम सुटला किंवा ताप आला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. पाणी किती प्यायचे ते मात्र डॉक्टरांना विचारा, कारण सूज असलेल्यांना पाणी मोजून देतात.

आता त्या तुकड्याने काय सांगितले ते ऐका. गाळण्यांचा पडदा जाड झाला होता. या आजाराला डॉक्टर 'मेम्ब्रेनस' म्हणतात. आणि त्या तुकड्यात एका विशिष्ट प्रथिनाची खूण सापडली. ती पाहताच डॉक्टरांनी जाऊबाईंना पहिला प्रश्न विचारला, "बाई, तुम्ही चेहऱ्याला काय लावता?" आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. भावाच्या लग्नापासून जाऊबाई गोरे होण्याची एक क्रीम लावीत होत्या. डबीवर ना करणाऱ्याचे नाव, ना पत्ता. रक्त आणि लघवी तपासली तर त्यात पारा जास्त निघाला. पारा कातडीतून अंगात मुरतो आणि किडनीत जाऊन बसतो.

हे काही आमच्या एकटीच्या घरचे नव्हे. केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात या आजाराचे २२ रोगी पाहिले. त्यांतल्या १५ जणांच्या तुकड्यांत हीच खूण होती आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरीत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना आराम पडला. आपल्या महाराष्ट्रात अकोल्याच्या एका घरातल्या मायलेकींना अशाच क्रीममुळे किडनीचा विकार झाल्याचे २०२३ साली वर्तमानपत्रांत आले होते. पारा असलेल्या काही देशी औषधांतूनही हाच आजार होतो, हे चेन्नईच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवून दिले. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालण्यास आपल्या देशात बंदी आहे, तरी अशा डब्या बाजारात येतात. आपल्यापैकी काही भगिनी घरबसल्या सौंदर्यप्रसाधने विकतात. दोन पैसे मिळविण्यात काही वावगे नाही. माझी एवढीच विनंती की, जिच्यावर करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि आत काय आहे ते लिहिलेले नाही, अशी डबी विकू नका आणि विकतही घेऊ नका.

जाऊबाईंना जोराची औषधे द्यावी लागली नाहीत. क्रीम बंद, मीठ कमी, आणि प्रथिन वाहून जाणे कमी करणारी रक्तदाबाची गोळी. नऊ महिन्यांनी दिवसाला ६ ग्रॅम जाणारे प्रथिन अर्ध्या ग्रॅमच्या आत आले. सुईच्या भीतीने आम्ही घरी बसलो असतो तर त्या क्रीम लावीतच राहिल्या असत्या.

सुजलेल्या प्रत्येकाला ही तपासणी लागते असे मात्र समजू नका. लहान मुलांना अशी सूज आली तर बहुधा आधी औषध देऊनच पाहतात. जुना मधुमेह असून किडनीचा बिघाड त्याच्याच धाटणीचा असेल, तरीही पुष्कळदा गरज पडत नाही. म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारा. तुकड्यावरून औषध बदलणार आहे का? माझ्या बाबतीत धोका किती? आणि रक्तस्राव झालाच तर तो थांबविण्याची सोय इथे आहे का? खर्चाची अडचण असेल तर सरकारी इस्पितळात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटा. रेशनकार्ड बरोबर न्यायला विसरू नका.

भगिनींनो, आपण घरातल्या साऱ्यांच्या दुखण्याला उठतो आणि आपल्या पायावरची सूज मात्र लुगड्याच्या काठाखाली झाकतो. लघवीला सतत फेस येत असेल, पाय सुजत असतील, तर पहिली तपासणी अगदी साधी आणि थोड्या पैशांत होते. ती टाळू नका. आणि पुढे सुईची वेळ आलीच, तर घाबरून पळू नका, नीट विचारून घेऊन मगच हो म्हणा.